‘वकील फुटला’ असं गाव म्हणतं तेव्हा आत काय झालेलं असतं

खानापूरकडच्या एका मुलानं विचारलंय. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरात पहिलाच. आजी म्हणते वकिली म्हंजे खोट्याचा धंदा, त्यापेक्षा मास्तर हो, आणि मामा म्हणतो शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये आणि तू तिथंच दुकान मांडतोस काय. तर त्याचा प्रश्न असा की लोकांना वकिलांचा एवढा राग का, कायद्यावर लोकांचा विश्वास उरलाय का, आणि इकडं सीमाभागात राहून मराठी माणसानं वकिली करावी का.

मी बेळगावच्या कोर्टात 27 वर्षं काढली, जास्त करून सिव्हिल, त्यातही वाटणीचे दावे. त्यामुळं हे सगळं आमच्या धंद्याच्या बाजूनं झुकलेलं असणार हे धरून वाच.

तुझ्या मामाची म्हण मी रोज ऐकतो, आणि नुसती मराठीत नाही. आमच्या बाररूममध्ये कन्नड वकील तेच एकमेकांना ऐकवतात, गेद्दव सोत, सोतव सत्त. जिंकला तो हरला, हरला तो मेला. दोन्ही भाषांत लोकांनी हेच म्हणून ठेवलंय म्हंजे काहीतरी खरं असणारच. पण गंमत अशी की ही म्हण सांगणारा माणूस बांधावरनं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत माझ्या ऑफिसात असतो, पिशवीत कागद घेऊन, आणि पहिलं वाक्य "वकीलसाहेब, आज स्टे आणायचाच".

मला विचारशील तर लोकांचा राग आपल्याच केसमध्ये आज काय झालं हे आपल्यालाच कळत नाही याचा असतो. वकील खोटं बोलतो याचा एवढा राग नसतो रे, सोयीचं खोटं पक्षकाराला पण चालतं. कळत नाही तिथं माणूस स्वतःच्या मनानं गोष्ट रचतो, आणि त्या गोष्टीत वकील नेहमी फुटलेला असतो. हे मी पुस्तकातून नाही सांगत, माझ्या हातून झालेलं सांगतो.

मी ज्युनिअर होतो, वकिलीची सनद घेऊन दोन-अडीच वर्षं झालेली. जांबोटी बाजूच्या गावातले एक पक्षकार होते, साठीच्या पुढचे, धोतर, टोपी, काखेत एक निळी रेक्झिनची पिशवी. भावाविरुद्ध दावा, घराजवळची थोडी जमीन आणि त्यातली चार फणसाची झाडं. दाव्यात सर्व्हे नंबर चुकला होता (आमच्याच ऑफिसात टाईप करताना, पण ते जाऊ दे) म्हणून दुरुस्तीचा अर्ज टाकला होता. त्या दिवशी साहेबांनी, म्हंजे जज्जांनी, तो मंजूर केला. मी दुसऱ्या कोर्टात पळत होतो, म्हातारा व्हरांड्यात आडवा आला, काय झालं म्हणाला. मी चालता चालता म्हटलं, मंजूर झाला काका, आपल्यासारखं झालं. आणि गेलो.

दोन दिवसांनी ते सीनियरच्या ऑफिसात एक किलो कुंदा घेऊन हजर. बेळगावात आनंदाची बातमी म्हंजे कुंदा, पेढे नंतर. म्हणाले गावात पण वाटला, मारुतीला नारळ फोडला. सीनियर बाहेर होते, क्लार्कनं आणि मी बॉक्स फोडला, खाल्ला, आणि मला वाटलं म्हातारा अर्जावरच खूश आहे, असतात एकेक जण. खरंच एवढंच वाटलं मला. ते केस जिंकल्याचा कुंदा वाटून गेलेत हे कळलं पुढच्या तारखेला, ते आलेच नाहीत तेव्हा. निरोप धाडला तर म्हणतात, निकाल झाला की आता कशाला यायचं?

मग समजावलं, पण काय समजावणार, गावात नारळ फुटला होता. पुढं तीन वर्षांनी दावा फेटाळला, कारण वडिलांच्या हयातीतलं रजिस्टर वाटणीपत्र समोरच्यानं काढून दाखवलं, ते आमच्या काकांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. पण गावात काय पसरलं? केस आधी जिंकली होती, सगळ्यांनी कुंदा खाल्ला होता, मग हरली कशी? वकील फुटला. भावानं पैसे चारले. सीनियरला सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, कुंदा खाल्लास ना, आता पचव. त्या गावातून मला नंतर सहा-सात वर्षं एकही केस आली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक तारखेनंतर पक्षकाराला बाहेर थांबवतो आणि दोन वाक्यं सांगतो, आज काय झालं आणि पुढच्या तारखेला काय होणार. दोन मिनिटं लागतात. ज्या दिवशी नाही सांगितलं त्या दिवशी संध्याकाळी फोन येतोच.

आता फुटण्याचा दुसरा पुरावा, चहा. आत दोन वकील एकमेकांवर ओरडतात आणि अर्ध्या तासानं कँटीनमध्ये एकाच टेबलावर. पक्षकार लांबून बघतो आणि गार पडतो. मला एकानं तोंडावर विचारलंय, "तुम्ही त्याच्याबरोबर च्या पिऊलालाय, मग माझं काय?" त्याला काय सांगू, तो समोरचा वकील माझ्याच कॉलेजचा, आर.एल. लॉ कॉलेजचा (1939 चं कॉलेज, अॅटर्नी जनरल झालेले के. के. वेणुगोपाल पण तिथलेच), त्याच्या मुलीच्या लग्नात मी वाढायला होतो. त्याला मराठी येतं, मला कन्नड येतं, सीमाप्रश्नावर दोघांची मतं उलटी आहेत आणि ती चहाच्या टेबलावर येत नाहीत. केस त्याची नाही, माझी पण नाही. केस पक्षकाराची, आम्ही ती मांडतो आणि उठतो. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी बोलला तर कुणाला काही वाटत नाही, पण तिथं दोन पेशंट एकमेकांच्या उरावर बसलेले नसतात.

चहा टाळ असं नाही म्हणत, पण निकालाच्या दिवशी तरी पक्षकारासमोर खांद्यावर हात टाकून हसत जाऊ नये. एवढं शहाणपण पुरतं.

भाषेवर थोडं जास्त लिहितो कारण इकडची खरी मेख तिथं आहे. खालच्या कोर्टातलं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं. आपल्या गावातला माणूस कन्नड बोलतो, बाजारात भांडतो पण कन्नडमध्ये, पण वाचता येतच असं नाही, आणि कोर्टाचं कन्नड तर कन्नड माणसाला पण जड जातं. काही शब्द दोन्हीकडं सारखे आहेत, वादी, प्रतिवादी, जामीन, मंजूर, हाजर. आणि एक शब्द आहे ‘वजा’. कन्नड ऑर्डरमध्ये दावा वजा केला म्हंजे फेटाळला. आपला माणूस ऐकतो वजा, त्याला वाटतं काहीतरी हिशेबातनं कमी केलं, म्हंजे थोडं तरी उरलं असेल. नाही रे बाबा, सगळंच वजा.

आता बघ काय होतं. 2002 पासून सिव्हिलमध्ये सरतपासणी, म्हंजे आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष, ॲफिडेव्हिटवर होते. वकील ते तयार करतो, कन्नडमध्ये, बारा-पंधरा पानं, पक्षकार खाली मराठीत सही ठोकतो आणि पिंजऱ्यात उभा राहतो. समोरचा वकील हुशार असेल तर जमिनीवर एकही प्रश्न विचारत नाही. विचारतो, कन्नड वाचता येतं काय? नाही. मग यात काय लिहिलंय? वकिलांना माहीत. संपलं, पंधरा पानांची दोन शब्दांत राख. मी स्वतः हे समोरच्यावर वापरलंय आणि माझ्यावर पण वापरलं गेलंय. खरं बघितलं तर सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर 18 रूल 6 मध्ये लिहिलेलं आहे की साक्ष एका भाषेत दिली आणि दुसऱ्या भाषेत उतरवली आणि साक्षीदाराला ती भाषा कळत नसेल तर उतरवलेलं त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायला पाहिजे. पण तो रूल पिंजऱ्यातल्या साक्षीसाठी, ऑफिसात बसून केलेल्या ॲफिडेव्हिटला कोण वाचून दाखवणार, तूच. आदल्या दिवशी बसव, ओळ ओळ मराठीत सांग, माणूस मधेच म्हणतो "असं नव्हतं झालं ओ", आणि तिथं तुझी केस वाचते.

लोक मला विचारतात साहेब कन्नड आहेत, मग आमच्या बाजूनं निकाल कसा देणार? काही मराठी पक्षकार म्हणून मुद्दाम कन्नड वकील लावतात आणि काही कन्नड पक्षकार माझ्याकडं येतात, समोरचा मराठी आहे, त्याची खोड तुम्हालाच कळेल म्हणून. माझा अनुभव विचारशील तर जमिनीच्या दाव्यात जातीपेक्षा, भाषेपेक्षा कागद बोलतो. कागद वाचता आला नाही म्हणून हरलेली माणसं मी खूप बघितली, भाषेमुळं साहेबांनी हरवलेलं एकही मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. दुसरे वकील वेगळं सांगतील, सांगू देत.

सरकारी ऑफिसातलं वेगळं. तिथं तक्रारीचा अर्ज मराठीत दिला तर घेत नाहीत अशी रड असते. घटनेचं 350 वं कलम बघ, गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क आहे. फक्त हे कोर्टातल्या कामाला लागत नाही, ते मिसळू नको.

विश्वासाचं म्हणशील तर सगळ्यात बोचरं वाक्य मला एका शेतकऱ्यानं ऐकवलं. तारीख पडली, तो जिन्यावर बसला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, किती वर्सं फिरूलालो मी. पण महाराष्ट्र सरकारनं सुप्रीम कोर्टात घातलेली शीमेची केस 2004 पासनं पडून हाय, मग माझं पाच गुंठं कधी निघायचं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. 1956 ला भाषावार प्रांत झाले तेव्हा त्याचा बाप तरुण होता. आपल्याकडच्या माणसाला कोर्ट म्हंजे थांबणं हे घरातच शिकायला मिळतं. नियमात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तारखा देऊ नयेत असं आहे, ऑर्डर 17, पण हे पक्षकाराला सांगितलंस तर तो हसतो आणि बरोबर हसतो.

पण थांबण्यातसुद्धा फरक पडलाय हे मी बघितलंय. पूर्वी हायकोर्ट म्हंजे बेंगळूर, पाचशे किलोमीटर, रात्रीची गाडी, लॉजचा खर्च. त्या काळात खालचा निकाल हाच बऱ्याच लोकांचा शेवटचा निकाल होता. 2008 ला धारवाडला सर्किट बेंच आलं, 2013 ला ते कायम झालं, आणि ‘धारवाडला बघून घेतो’ ही गावातली धमकी झाली. सकाळी निघून संध्याकाळी परत. आता 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं बेंच सुरू झालंय, तेव्हा महाराष्ट्रातल्या चंदगडचे पाहुणे पण त्याच तोऱ्यात बोलतात.

चंदगडवरून आठवलं, इकडं अर्ध्या घरांची जमीन दोन राज्यांत आहे. इकडं पहाणी पत्रक, तिकडं सातबारा. लोकांना वाटतं दोन दावे, दोन वकील, दोन्हीकडं हेलपाटे. सिव्हिल प्रोसिजर कोडचं कलम 17 सांगतं की मिळकत दोन कोर्टांच्या हद्दीत असेल तर कुठल्याही एका ठिकाणी दावा घालता येतो. हे सांगितलं की पक्षकाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. कायदा आपल्या बाजूनं पण असतो हे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलेलं असतं.

आणि कायद्यावर जीव टाकणारी घरं पण आहेत बरं का. कुळकायद्यात जमीन मिळालेल्या घरात जा. 1 मार्च 1974 ला कर्नाटकात कुळाची जमीन सरकारकडं आली आणि कुळानं फॉर्म नंबर 7 भरला तर ती त्याच्या नावावर. मी एका घरात तो ट्रिब्युनलचा हुकूम देव्हाऱ्याच्या मागं फ्रेम करून लावलेला बघितलाय. त्याच गावात मालकाच्या घरी त्याच कायद्याला अजून दरोडा म्हणतात. आणि तिसरं घर असतं, ज्यांना 30 जून 1979 च्या आत फॉर्म भरायचा होता हे कुणी सांगितलंच नाही. कसत होते, पण कागद नाही. त्यांची नातवंडं अजून माझ्याकडं येतात आणि त्यांचा राग मला सगळ्यात खरा वाटतो.

बहिणींच्या हक्काचं पण असंच. "कायद्यानं घरं मोडली" हे मला भावांकडून ऐकायला मिळतं, बहिणींकडून अजून तरी नाही. कर्नाटकानं 30 जुलै 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला होता पण त्याआधी लग्न झालेलीला वगळून, मग 9 सप्टेंबर 2005 ची केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्न झालेलं असो नसो सगळ्या आल्या, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 च्या त्या तारखेला बाप जिवंत असण्याचीसुद्धा गरज नाही. इकडं पद्धत अशी की भाऊ तलाठ्याकडं वर्दी देतात, पहाणीला नावं चढतात आणि सगळे समजतात वाटणी झाली. नावं चढली म्हणून मालकी ठरत नाही, आणि तोंडी वाटणी झाली होती असं नुसतं म्हणून बहिणीला आता बाहेर ठेवता येत नाही. हे सांगणारा वकील भावाला फुटलेला वाटणारच. सांगायचं तरीही.

खोट्या माणसाची केस का घेता, हे तुझी आजी विचारेल. खोटा हे आधी कुणी ठरवायचं? घटनेच्या 22 व्या कलमात अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे, आणि अमक्याची केस कुणी घ्यायची नाही असे बार असोसिएशननं केलेले ठराव बेकायदा आहेत असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये सांगितलंय. याच्यापुढं आजीशी वाद घालू नको, जिंकणार नाहीस.

शपथेबद्दल एक बघितलेलं सांगतो. पिंजऱ्यात देवाशपथ खरं सांगेन म्हणून धडधडीत खोटं बोलणारा माणूस गावात देवळात भंडारा, म्हंजे देवाची हळद, उचलून शपथ घ्यायला तयार होत नाही. दोन भावांचं लोकअदालतीत मिटलं, हिस्से ठरले, सह्या झाल्या, कोर्ट फी परत मिळणार, वर अपील नाही, म्हंजे कायद्यानं यापेक्षा पक्कं काही नसतं. तरी धाकटा माझ्या कानाला लागला, हे सगळं ठीक आहे पण दादाला भंडारा उचलायला सांगा. थोरल्यानं गावी जाऊन उचलला, मग धाकट्याला झोप लागली. मला आधी हसू आलं होतं. आता येत नाही, कारण भंडारा उचलताना काय म्हणायचं ते दोघांना कळत होतं आणि आमच्या कन्नड हुकूमनाम्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

राग बरोबर असतो अशा जागा पण आहेत, त्या लपवून काय करू. पावती न देता फी घेणारे आहेत. निकालात हिस्सा मागणारे आहेत, ते नियमात बसत नाही. फी राहिली म्हणून फाईल अडवून ठेवणारे आहेत, आणि तसं करता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय. पक्षकाराला वाटतं ग्राहक कोर्टात खेचू, तर 14 मे 2024 च्या निकालानंतर तो रस्ता बंद आहे, तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडं करायची. गरिबाला वाटतं वकील परवडत नाही म्हंजे विषय संपला, आणि तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या कायदा सेवा समितीकडं बाईमाणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं. 15100 हा कायदा सेवेचा मदतीचा नंबर आपल्या आजीच्या फोनमध्ये घालून दे, आधी वकील म्हणून तेवढं कर.

एक बदल मात्र जोरात आलाय. पूर्वी तारीख फक्त वकिलाला माहीत असायची, आमची निम्मी जरब त्यातच होती. आता केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पोरगा गोव्यात कामावर बसून बघतो आणि संध्याकाळी मलाच फोन करतो, काका 14 तारीख पडलीय, एव्हिडन्सला. सुरुवातीला काही सीनियरना याचा राग यायचा. मी तर पहिल्याच दिवशी नंबर कागदावर लिहून देतो, माझे फोन निम्मे झाले.

तू सनद घेणार की नाही ते तू ठरव. नोंदणीचे पैसे जास्त मागितले तर लक्षात ठेव, 30 जुलै 2024 च्या निकालानं सर्वसाधारण वर्गाला 750 रुपयेच. पहिली दोन-तीन वर्षं पेट्रोल निघालं तरी खूप, घरच्यांना तसं आधीच सांग. नवीन कायदे पाठ कर पण जुने आकडे विसरू नको, 1 जुलै 2024 पासून फसवणूक 318 ला गेली तरी तुझा मामा माणसाला चारशेवीसच म्हणणार.

आणि कन्नड वाचायला शीक. बोलता येतंय ते पुरत नाही, हस्ताक्षरातलं जुनं कन्नड, तलाठ्याच्या डायरीतलं, ते वाचता आलं पाहिजे. उद्या सकाळी दहाला माझ्याकडं नंदगडच्या दोघी बहिणी येणार आहेत, 38 पानांचं जजमेंट आहे, अर्धं त्यांच्यासारखं आणि अर्धं विरुद्ध. त्यानंतर बोर्ड, म्हंजे कोर्टातल्या त्या दिवसाच्या केसेस, सुरू होतो. येतोस तर ये, पाठीमागं बसून ऐक, 22 व्या पानाला त्या रडतील, तिथं गप्प बसायचं.